बक्षिसाआधीचं गणित

मंगळवार, १ ऑक्टोबर

एकतीस बक्षीस-स्पर्धा भरल्या, इंटरनेटवर. सकाळी आठ ते पावणेदहा. दोन बाद केल्या – एकीची मुदत कालच संपली होती, दुसरी क्रेडिट कार्डाचा नंबर मागत होती. बक्षीस देणारा पैसे मागत नाही, आणि पैसे मागतो तो बक्षीस देत नाही. एकोणीस वर्षं मी स्पर्धा भरणाऱ्या आमच्या टोळीतल्या प्रत्येक नव्या बाईला हे सांगत आलेय. तरी दरवर्षी एखादी फसतेच! पालथ्या घड्यावर पाणी.

आज महिन्याचा पहिला मंगळवार, म्हणजे टोळी. डोनटच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर, आम्ही पाच जणी. बर्निसला बक्षीस म्हणून बर्फ फेकायचं यंत्र लागलंय. राहते तिसऱ्या मजल्यावर! मी विचारलं, गॅलरीतून फेकणार का बर्फ? तीच सगळ्यांत जास्त हसली. मग तिने भावाची गोष्ट सांगितली. त्याला मासेमारीची बोट लागली होती, आणि गणितात गेली. नुसत्या नशिबावर बक्षीस देणं आपल्या कायद्यात बसत नाही, म्हणून जिंकलेल्याला आधी गणित घालतात – ठरल्या वेळात, कुणाच्या मदतीशिवाय. भाऊ फोनवर गडबडला. बोट दुसऱ्याला. वर गावभर हसं झालं ते वेगळंच.

घरी येताना मनात आलं, माझ्या नवऱ्याचं, ओरेस्टचंही असंच व्हायचं. ऑगस्टपासून तोही त्याच्या नावाने भरतो. रोज सकाळी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसतो, एका बोटाने टिकटिक करत. चाळीस वर्षं मी टाइप करतेय त्या खोलीत न डोकावलेला माणूस! कंटाळा येतो म्हणे एकट्याला. त्याची तयारी करून घ्यायला हवी.


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

ओरेस्टची पहिली चाचणी. जुन्या बक्षिसांच्या कागदांतलं एक गणित दिलं – (६ × १२) − ३० + ८. कागद, पेन्सिल, तीन मिनिटं. कॅल्क्युलेटरला स्वयंपाकघराच्या टेबलावर बंदी, सवयच नको. त्याने पन्नास लिहिलं. मी म्हटलं, चौतीस. तो आधी कागदाकडे बघत बसला, मग माझ्याकडे. मग म्हणाला, "असेल. पेन्सिलीला टोक नव्हतं."

नाचता येईना अंगण वाकडं! रेल्वेत छत्तीस वर्षं रुळांवर काम केलं त्याने. रुळाखालचे स्लीपर मोजण्यापलीकडे त्याचं गणित गेलं नाही. मी शाळा खात्यात एकतीस वर्षं चारशे माणसांचा पगार काढला, त्यातली निम्मी वर्षं हाताने. एका सेंटचा घोळ नाही. त्यामुळे त्याच्या पन्नासाचं मला नवल वाटलं नाही.


सोमवार, ७ ऑक्टोबर

पहिला बर्फ. दुपारपर्यंत टिकला नाही. सव्वीस भरल्या.


बुधवार, ९ ऑक्टोबर

आज डोकं फिरलं. चहाच्या कंपनीची स्पर्धा उघडली, तर म्हणे 'आजची तुमची नोंद झालेली आहे'. दिवसाला एक, हा तिथला नियम. दुसऱ्यांदा भरणारा पकडला गेला की सरळ बाद, कायमचा. माझ्या वहीत आजच्या रकान्यात खूण नाही. मी भरल्याशिवाय खूण करत नाही आणि खूण केल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे ओरेस्टने माझ्या पत्त्यावरून भरली.

त्याला बसवून पुन्हा सगळं सांगितलं. स्पर्धांसाठी मेलचा पत्ता वेगळा, माणसागणिक वेगळा. तुझा तुझा, माझा माझा. त्याने वाद घातला नाही. "यापुढे बघून करू," म्हणाला. ती स्पर्धा त्याच्या फार जवळची आहे. बक्षीस दोघांचा रेल्वेप्रवास, विनिपेग ते व्हँकूवर, झोपायच्या डब्यातून. छत्तीस वर्षं ज्या गाड्यांसाठी रूळ राखले त्यांत तो कधी झोपला नाही. डोंगर रात्री कसे दिसतात ते पडल्या पडल्या बघायचंय म्हणतो. रात्री काय दिसणार, कपाळ?

वहीच्या सगळ्यांत मागच्या पानावर वर 'ओरेस्ट' असं लिहिलं आणि दोन रकाने आखले. तारीख, काय झालं. मी मनाला काय वाटतं त्यावर चालत नाही, नोंदीवर चालते. पहिली नोंद – चहाची स्पर्धा, दुबार.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

काल थँक्सगिव्हिंग. लेसिया विनिपेगहून आली, चार तास गाडी चालवत. टर्की चांगली झाली. भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला 'पाय' मात्र खारट! साखरेच्या डब्यात मीठ. डबे भरायचं काम उन्हाळ्यापासून ओरेस्टकडे आहे, त्यानेच मागून घेतलं. मी पहिला घास घेतला आणि ताटली बाजूला सारली. तो आणि लेसिया मात्र खात राहिले. लेसियाने अख्खा तुकडा संपवला. "छान झालाय आई," म्हणाली. लहानपणी कोबी खिशात लपवणारी मुलगी!

भांडी घासून झाल्यावर बघते तर बाप-लेक गॅरेजमध्ये. कुजबुज चाललेली. मी गेल्यावर गप्प. लेसियाचे डोळे लाल. म्हणजे तिच्याही लक्षात आलंय. बरं झालं, मला सांगावं लागलं नाही. निघताना तिने मला कितीतरी वेळ धरून ठेवलं. मला कशाला, बापाला धरायचं! मी काय कुठे चाललेय?


गुरुवार, १७ ऑक्टोबर

पोस्टाने पाठवायच्या स्पर्धांसाठीच्या तिकिटांचा डबा फ्रीझरमध्ये सापडला. वाटाण्याच्या पिशवीखाली. नोंद केली.


बुधवार, २३ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी चाचणी. (१५ × ६) + ४५ − २०. त्याचं एकशे पंधरा, माझं एकशे पंचवीस. मी सांगितल्यावर म्हणाला, "तू म्हणतेस तर एकशे पंचवीस." याचा मला जास्त राग आला. गणित म्हणजे काय पंचायतीचा निकाल, बहुमताने लावायला? चुकला असशील तर चुकलो म्हण. तो म्हणाला, "चुकलो." इतक्या सहज म्हणाला की मी कागदच आवरला.

नोंद केली. बाकी चोवीस भरल्या. सूप बनवायच्या एका भांड्यासाठी रोज भरतेय, ते लागलं तर लेसियाला.


मंगळवार, २९ ऑक्टोबर

दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, माझी दाढ. धान्याच्या कोठारापाशी ओरेस्टने गाडी उजवीकडे घेतली. मी म्हटलं, अरे डावीकडे, जुन्या पोस्टाच्या मागे. त्याने उजवीकडेच नेली. पोचलो वेळेत, हे खरं. डॉक्टर नव्या जागेत गेलेत म्हणे. तिथली पोरगी म्हणाली दोन वर्षं झाली. मला कोणी सांगितलं नाही! पण ते राहू दे. बायको सांगतेय आणि नवरा ऐकत नाही, वळतो भलतीकडे – डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं करत नाही. उद्या तळ्याच्या रस्त्याला लागेल आणि बर्फात अडकेल.

घरी आल्यावर त्याच्याकडे किल्ल्या मागितल्या. वाटलं होतं भांडेल. एकविसाव्या वर्षापासून गाडी चालवतोय. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. म्हणाला, "घे. पण मग तूही चालवायची नाहीस. बर्निस नेईल आपल्याला. दोघांनाही सारखाच नियम." पुरुषाचा मान, दुसरं काय! मी कबूल केलं. तसंही निसरड्यात मला चालवायची हौस नाही.

किल्ल्या अशा जागी ठेवल्यात की त्याला सापडायच्या नाहीत. कुठे ते इथेसुद्धा लिहीत नाही.


शुक्रवार, १ नोव्हेंबर

अठरा. हल्ली हात मंदावलाय. पानं मुद्दाम अवघड करतात हे वेबसाइटवाले – एक चौकट इथे, एक तिथे.


मंगळवार, ५ नोव्हेंबर

टोळी. बर्निस न्यायला आली, गाडीतला हीटर खडखडतो तिचा. फ्रेडाला मांजरांच्या खाण्याचे अठ्ठेचाळीस डबे लागले. मांजर नाही! तिघींनी सल्ला दिला की आता मांजराची स्पर्धा शोध.

बर्निसची एक गोष्ट निघाली, नवीनच. तिच्या भावाला म्हणे बोट लागली होती आणि फोनवरच्या गणितात गेली. किती जवळची मैत्रीण, आणि इतकी मोठी गोष्ट कधी बोलली नाही! मी म्हटलंही, आधी का नाही सांगितलंस? टेबलाभोवतीच्या सगळ्या कपात चमचे फिरवू लागल्या. भावाचं दुःख असेल. बर्निस म्हणाली, "राहून गेलं गं." आणि तिने माझ्या कॉफीत दूध घातलं. मी दूध घेते की नाही ते तिला माहीत आहे.

ओरेस्टचंही असंच होईल, म्हणून त्याची गणितं वाढवायला हवीत.


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

(७ × ९) + १७. सोपं दिलं. मुद्दाम. त्याने ऐंशी लिहिलं. मी त्र्याहत्तर. शाळेतलं पोरही चुकणार नाही. मी कागद त्याच्यासमोर ठेवला, बोटाने दाखवलं. त्याने वाद घातला नाही, 'असेल'ही म्हणाला नाही. उठला आणि चहाचं पाणी ठेवलं. पाठमोरा कितीतरी वेळ तसाच उभा होता, किटली शिट्टी मारेपर्यंत.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण वाटलं. सत्तेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी मोठ्याने बोलला नाही. आणि मी त्याची परीक्षा घेतेय, शाळामास्तरणीसारखी.


सोमवार, ११ नोव्हेंबर

युद्धात पडलेल्यांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं उभे राहून आलो, बर्निसच्या गाडीतून. उणे चौदा. घरी येतो तो धूर! बीटच्या सुपाचं पातेलं जळून काळं. ओरेस्ट माझ्यानंतर घराबाहेर पडला होता, शेगडी बघणं त्याचं काम. त्याने खिडक्या उघडल्या, पातेलं बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. "असू दे," म्हणाला, "आपण दोघं धड आहोत ना." घराला आग लागली असती! असू दे कसं?

नोंद केली. पान निम्मं भरलं.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज ठरवलं आणि केलं. दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांची वेळ मागायला – विसरभोळेपणाच्या तपासणीसाठी, आडनाव ओलिनिक. तिथली बाई म्हणाली, वेळ दिलेली आहे, दोन डिसेंबर, सोमवार, सकाळी साडेदहा. मिस्टर ओलिनिकनी मागच्या महिन्यात स्वतः फोन केला होता.

फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. म्हणजे त्याचं त्यालाच कळलंय. बिचारा! एकटाच उरावर ओझं घेऊन फिरतोय, मला त्रास नको म्हणून बोलला नाही. संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, मला कळलंय, दोन तारखेला मी येणार आहे तुझ्याबरोबर. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी त्याच्या खांद्यावरून पोतं उतरवलंय. "येशील?" म्हणाला, "खरंच येशील, व्हेरा? न भांडता?" मी कशाला भांडू? म्हटलं, वहीसुद्धा आणीन, डॉक्टरांना नोंदी लागतात. त्याने माझा हात धरला. जेवण होईपर्यंत सोडला नाही, डाव्या हाताने काटा धरून जेवला.

लेसियाचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती रडली. मी रडले नाही. कुणीतरी ताठ उभं राहायला पाहिजे.


गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रगती! (८ × ११) − १९. त्याने आधी विचारलं, "तुझं किती आलं?" मी सांगितलं, एकोणऐंशी. त्याने कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझंही." पहिल्यांदा जुळलं. त्याला पेरोगी करून घातले – बटाटा भरून उकडलेल्या करंज्या – वर तळलेला कांदा.

तिकिटांचा डबा आज हातमोज्यांच्या खणात.


बुधवार, २० नोव्हेंबर

लागलं!

थांब, नीट लिहिते. सकाळी सव्वाआठ. ओरेस्टचं भंगार मेल मी रोज चाळते, निम्मी बक्षिसं तिथेच मरतात. त्यात चहाच्या कंपनीचं पत्र. 'तुम्ही संभाव्य विजेते आहात.' ओरेस्ट ओलिनिक, डॉफिन, मॅनिटोबा. दोघांचा रेल्वेप्रवास.

मी पत्रातल्या कशावरही बोट ठेवलं नाही. असं पत्र आलं की आधी खुर्चीवरून उठायचं, पाणी प्यायचं. मग स्पर्धेच्या नियमांच्या पानावरचा नंबर काढायचा – पत्रातला नाही, पानावरचा – आणि आपण फोन करायचा. तसंच केलं. आकडे दोनदा चुकीचे दाबले गेले. तिसऱ्यांदा ओरेस्टने दाबले. माँट्रियलच्या कुणी बाई, आडनाव पाकेट. खरं निघालं. उद्या सकाळी दहाला त्या फोन करणार, गणित घालणार. बरोबर आलं तर कागद पाठवणार.

ओरेस्ट टेबलाशी बसून राहिला. टोपी डोक्यावरच, बाहेर बर्फ ओढायला निघाला होता. "झोपायचा डबा," एवढंच म्हणाला.

मला आनंद झाला आणि पाठोपाठ गणित आठवलं. उद्या त्याला गणित येणार नाही. मला त्याच्याऐवजी बोलता येणार नाही. इशारासुद्धा नाही. एकोणीस वर्षांत मी एकदाही नियम मोडलेला नाही, दुसऱ्याच्या नावाने एक चौकट भरलेली नाही. वर शपथपत्रावर लिहून द्यायचं असतं, मदतीशिवाय सोडवलं म्हणून. ते खोटं मी त्याला लिहू देणार नाही. मग प्रवास गेला तरी चालेल. चालेल असं लिहिलंय, पण नाही चालणार. दोन तारखेला डॉक्टर काय सांगतील कोण जाणे. त्याला ते डोंगर एकदा दिसायला हवेत, ते डोंगर आहेत हे कळतंय तोवर.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

दहाला दोन मिनिटं कमी असताना फोन आला. स्पीकर लावला, टेबलाच्या मधोमध ठेवला. त्याच्यापुढे कागद-पेन्सिल, टोक केलेली. माझ्यापुढेही एक चिठोरं होतं, सवयीने. पाकेट बाईंनी आधी नाव, वय, गाव विचारलं. मग म्हणाल्या, खोलीत दुसरं कुणी असेल तर त्यांनी बोलू नये. मी ओठ मिटले.

गणित दोनदा वाचलं त्यांनी. (२४ × ५) + ३६ − ५६.

मी लिहिलं, नव्वद. बघायचं म्हणून, माझं मला. चिठोरं झाकायचं राहिलं. ओरेस्ट सावकाश लिहीत होता, जीभ ओठांत धरून. त्याचं संपलं. मग त्याने मान वर केली आणि माझ्या चिठोऱ्याकडे पाहिलं. नव्वद त्याला दिसलं, मला माहीत आहे दिसलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. नियम म्हणजे नियम. पण तेवढ्यात मनात आलंच – म्हण, ओरेस्ट, नव्वद म्हण, चोरलेलं तर चोरलेलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा असं मनात आलं.

तो पेन्सिल कागदावर टेकवून बसला. पाकेट बाई म्हणाल्या, "मिस्टर ओलिनिक, वीस सेकंद."

"शंभर," तो म्हणाला.

मी डोळे मिटले. गेलं, म्हटलं. समोर लिहिलेलं होतं, तरी गेलं.

"बरोबर," पाकेट बाई म्हणाल्या. "अभिनंदन, मिस्टर ओलिनिक."

त्या पुढे पाच मिनिटं बोलत होत्या – शपथपत्र, पाच दिवसांत परत, एका वर्षाच्या आत प्रवास. ओरेस्ट हो-हो म्हणत होता आणि माझ्याकडे बघत होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. फोन ठेवल्यावर त्याने माझ्या चिठोऱ्यावर पंजा ठेवला, झाकून टाकलं. म्हणाला, "व्हेरा, मला तुझ्याबरोबर जायचंय. बाकी मला काही सिद्ध करायचं नाही." बाकी काय? मी विचारलं. तो पाणी ठेवायला उठला.

बर्निसला फोन करून सांगितलं. लागलं म्हटल्यावर किंचाळली. मी म्हटलं, हल्ली काहीही उत्तर चालवून घेतात वाटतं, त्यांनाही लवकर मोकळं व्हायचं असेल. नव्वदचं शंभर सांगितलं याने, तरी बरोबर!  बर्निस म्हणाली, "ओरेस्टला दे गं जरा." पाच मिनिटं तो नुसता ऐकत होता.


शनिवार, २३ नोव्हेंबर

तो म्हणतो जानेवारीत जाऊ. कडाक्याच्या थंडीत! उन्हाळ्यात डोंगर जास्त चांगले दिसतील, वर्षभर मुदत आहे, घाई कसली? "जानेवारीतच," म्हणाला. एरवी कशाचा हट्ट न धरणारा माणूस.


सोमवार, २५ नोव्हेंबर

शपथपत्र आलं. लेसियाने शिकवलं तसं छापून काढलं. तिसऱ्या परिच्छेदाखाली गणित परत छापलंय आणि पुढे रिकामी जागा, उत्तर स्वतःच्या हाताने लिहायला. ओरेस्टने लिहिलं, सही केली, साक्षीदाराची जागा माझ्या सहीसाठी ठेवून बाहेर बर्फ ओढायला गेला.

मी वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही. साक्षीदार म्हणून माझं नाव जाणार, तर आकडा बरोबर हवा. बसले करायला. चोवीस गुणिले पाच. नव्वद आलं. पुन्हा केलं. ऐंशी आलं. पेन्सिल बदलली, पान बदललं, एकाखाली एक नीट मांडलं, पगारपत्रकावर मांडायची तसं. एकशे दहा.

तीनदा केलं, तीन उत्तरं. खिडकीतून तो दिसत होता. फावडं टेकून उभा होता, खिडकीकडे बघत. मी हात हलवला, त्यानेही हलवला.

सही केली नाही अजून.


मंगळवार, २६ नोव्हेंबर

कॅल्क्युलेटर टेबलावर आणलं. शपथपत्रावरचं आधी – शंभर. मग जुनी सगळी, वहीतून बघून. पन्नास. एकशे पंधरा. ऐंशी. एकोणऐंशी जुळलं होतं ते एकोणसत्तर निघालं. त्या दिवशी दोघांचंही चुकलं होतं, त्याचं मुद्दाम.

सही केली. मग मागच्या पानावरचं 'ओरेस्ट' खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं. खालच्या नोंदींत काही बदलावं लागलं नाही.

गाडीच्या किल्ल्या त्याला परत द्यायच्या म्हणून शोधल्या. कुठे ठेवल्या ते आठवेना. शेवटी त्यालाच विचारलं. पिठाच्या डब्यात, म्हणाला.